मर्डोने ठेवलेली नावं

डनीडनच्या बंदरापाशी लोकरीचं एक जुनं गोदाम होतं. लोकरीचा धंदा बसल्यावर लिंडसेने त्याचा वरचा मजला भाड्याने घेतला आणि आमची छोटी कंपनी काढली. आम्ही नेटवर्क कार्डं बनवायचो. घरच्या संगणकात बसतात तसली नाहीत. दुधाचे कारखाने, कत्तलखाने, जिथे थंडी, वाफ आणि पाणी कायमचं मुक्कामाला असतं, तिथली यंत्रं एकमेकांशी जोडणारी कार्डं. कार्डाचं सर्किट माझ्याकडे होतं आणि त्याचा ड्रायव्हर मर्डो लिहायचा. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. तो नसेल तर कार्ड म्हणजे नुसता हिरवा पत्रा.

मी नोकरीवर रुजू झाले त्या सकाळी कार्डावरच्या चिपचे सगळे आकडे लिहिलेला कागद मर्डोच्या टेबलावर ठेवला. कुठल्या जागी कुठला आकडा लिहिला की चिप काय करते, त्याची ती जंत्री.

तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. म्हणाला, "वाचून दाखव."

मला राग आला. "मी काय तुझी सेक्रेटरी आहे? स्वतः वाच की."

"डोळे असते तर वाचलं असतं, बाई."

मी जीभ चावली. तो मात्र खुर्चीतून पडेल इतका हसला. "आयोना ना तू? आवाजावरून मला वाटलं लिंडसेने कोणी दाढीवाला धरून आणलाय."

माझा आवाज लहानपणापासून घोगरा, खर्जातला. फोनवर लोक मला अजून 'सर' म्हणतात. त्या दिवशी त्याने माझी चूक पोटात घातली आणि मी त्याची चेष्टा. तिथून आमची गट्टी जमली.

मर्डो पंचविशीपर्यंत इन्व्हरकार्गिलजवळच्या कत्तलखान्यात हाडं सोडवायचं काम करत होता. थंडगार मांस, हातात सुरी, पायाखाली पाणी. आधी त्याला संध्याकाळनंतर दिसेनासं झालं, मग बाजूचं दिसेनासं झालं, मग नळीतून पाहावं तेवढंच उरलं, आणि शेवटी तेही गेलं. आंधळ्यांच्या संस्थेने त्याला संगणक शिकायला बसवलं. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक बोलका डबा त्याला मिळाला. पुढे तो डब्याला इतक्या वेगाने बोलायला लावायचा की आमच्या कानांना ती टिटवीची ओरड वाटायची. तो मात्र त्यातून एकेक अक्षर टिपायचा.

ड्रायव्हरच्या फाइलीचा माथा हे त्याचं खास राज्य होतं. तिथे आकड्यांना नावं दिलेली असतात. चिपला आकडा कळतो, माणसाला नाव कळतं. म्हणून वर एकदाच सांगून ठेवायचं, की हा आकडा म्हणजे अमुक आणि तो म्हणजे तमुक, आणि खाली सगळीकडे नावच वापरायचं. आम्ही त्यांना स्थिरांक म्हणायचो, मर्डो 'माझी पोरं' म्हणायचा.

"कोणी मध्येच नुसता आकडा लिहिला, तर त्याच्या चहात मीठ घालीन," अशी त्याची धमकी होती, आणि लिंडसेच्या चहात त्याने एकदा खरंच घातलं.

नावं ठेवायची त्याची रीतही वेगळी होती. चिपच्या पुस्तकातली नावं त्याला चालायची नाहीत. "रिसेट, रिसीव्ह, रिट्राय... ही नावं आहेत की एकाच घरातल्या जावा? माझ्या कानाला सगळ्या सारख्याच." त्याला प्रत्येक नाव ऐकल्याबरोबर वेगळं ओळखू यायला हवं होतं. म्हणून चिपला पुन्हा सुरू करण्याच्या आज्ञेला त्याने 'किक' म्हटलं, साठा काठोकाठ भरला की 'ब्रिम', आणि तारेतून जाणारं माहितीचं पाकीट वाटेत हरवलं तर 'स्ट्रे'.

त्याच फाइलीत डिबगचे, म्हणजे चूक शोधायचे, पर्याय होते. ड्रायव्हर आत काय करतोय ते त्याने बोलून दाखवावं, म्हणून बसवलेली बटणंच ती. एक बटण जोडणीच्या बातम्यांचं, एक आलेल्या पाकिटांचं, एक गेलेल्या पाकिटांचं, एक चुकांचं, अशी ती रांग होती. गिऱ्हाइकाकडे जाताना सगळी बंद असायची. पण मर्डो काम करताना ती एकेक उघडायचा, मागे रेलायचा आणि ऐकत बसायचा.

"तुझं कार्ड आज कुरकुरतंय," तो म्हणायचा. मी तपासलं की कुठेतरी टाका सैल सापडायचाच.

लिंडसेला हे बटणांचं प्रकरण पसंत नव्हतं. "अरे, इतके संदेश कशाला? ड्रायव्हर लिहितोयस की शेजारीण?"

"शेजारणीला घरातलं जास्त माहीत असतं," मर्डो म्हणायचा.

शुक्रवारी दुपारी त्याची बायको हिनेवाई यायची. ती माओरी, इथल्या मूळ लोकांपैकी, दक्षिण टोकाच्या अपारिमा गावची. गरम चीज रोलचं फडक्यात बांधलेलं ताट घेऊन ती जिना चढायची आणि खालूनच हाक मारायची, "मर्डो! ए म्हाताऱ्या!" आवाज बारीक, उंच आणि स्वच्छ. चर्चच्या गाण्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. आम्हाला हाक कळायच्या आधी मर्डोच्या चेहऱ्यावर हसू आलेलं असायचं.

अशी कितीतरी वर्षं गेली. कार्डं खपत होती. मग मर्डोने नावं बदलायला सुरुवात केली.

आधी 'स्ट्रे'चं 'लॉस्ट' झालं, मग 'लॉस्ट'चंही 'गॉन' झालं. 'फेच' होतं ते 'पुल' झालं. आठवड्याला एखादं नाव बदलायचं, आणि ते नाव वापरणारी माझी चाचणीची आज्ञावली धाडकन बंद पडायची. लिंडसे वैतागला. "माणसाने एकदा बारसं केलं की केलं. ही दर महिन्याला काय नामकरणं चालवली आहेत?"

"आधीची चांगली नव्हती," मर्डो म्हणाला. एरवी तो टोला परतवायचा. त्या दिवशी नुसता चहा ढवळत बसला.

मी जुनी आणि नवी नावं शेजारी शेजारी मांडून पाहिली. गेलेल्या प्रत्येक नावात स होता, फ होता, नाहीतर च होता. आलेल्या नावांत म, ब, ल, ग, ओ, ऊ. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी रोज शेजारी बसून मला आधी जाणवली नव्हती. तो बोलका डबा आता टिटवीसारखा ओरडत नव्हता. आम्हा सगळ्यांना शब्द कळावेत इतक्या सावकाश बोलत होता, आणि आवाजही जाडा लावलेला होता.

तो धक्क्यावर सिगरेट ओढत उभा असताना मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"मर्डो, तुला ऐकायला कमी येतं का?"

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं, तर तो फिदीफिदी हसत होता. मीही हसले. त्या हसण्यात माझा प्रश्न समुद्रात गेला. त्याला तेच हवं होतं.

त्या हिवाळ्यात चिपचा नवा माल आला. तो जरा आळशी होता. 'किक' दिल्यावर शुद्धीवर यायला जुन्यापेक्षा थोडा जास्त वेळ घ्यायचा. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले साठ भाग थांबायला हवं होतं. मी तशी सूचना सगळ्यांना संगणकावर पाठवली, मर्डोने ती डब्याकडून वाचून घेतली, फाइलीतला स्थिरांक बदलला आणि नवी कार्डं बाहेर पडली.

काही आठवड्यांनी दक्षिणेकडच्या एका दूध कारखान्यातून फोन आला. पहाटे वीज क्षणभर गेली आणि आली. सगळी यंत्रं सुरू झाली, फक्त दुधाच्या एका टाकीवरचं आमचं कार्ड उठलं नाही. टाकीचं थंड करणं बंद पडलंय हे कोणाला कळलंच नाही. दुपारपर्यंत आख्खी टाकी नासली. ते दूध शेतात ओतून द्यावं लागलं.

मी आणि मर्डो गाडी काढून गेलो. वाटभर तो बोलत होता, की तारेत पाणी गेलं असेल, जोडणी ढिली असेल. कारखान्याची व्यवस्थापक ग्लेनिस नावाची बाई होती. पांढरे गमबूट, पांढरी टोपी, आणि रात्रभर न झोपलेले डोळे. तिने आम्हाला टाक्यांच्या खोलीत नेलं. आत बर्फासारखी थंडी होती आणि थंड करणाऱ्या यंत्रांची जाड, सलग घरघर पायांतून वर चढत होती. ग्लेनिसची तीन-चार माणसं हाताची घडी घालून भिंतीशी उभी होती.

मर्डोने बोलका डबा टेबलावर ठेवला, संगणकाला जोडला आणि डिबगचं चुकांचं बटण उघडलं. "आता हे स्वतःच सांगेल काय दुखतंय ते," तो ग्लेनिसला म्हणाला. "वीज बंद करून चालू करा."

तिने खटका खाली केला आणि वर केला.

डबा बोलू लागला. सावकाश, जाड आवाजात, एकेक शब्द सुटा. कार्ड जागं झालं नाही. कार्ड जागं झालं नाही. कार्ड जागं झालं नाही.

मर्डो मान किंचित वाकडी करून बसला होता. थोड्या वेळाने तो खुर्ची वळवून समाधानाने म्हणाला, "पाहिलंत? एकही चूक नाही. कार्ड ठणठणीत आहे. तुमची तारच तपासायला हवी."

डबा बोलतच होता.

ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं, मग मर्डोकडे. ती भांडायला आली होती, पण तिचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो, पण... ते तर म्हणतंय ना, की जागं झालं नाही."

यंत्रांच्या घरघरीत मर्डोला तेही ऐकू गेलं नाही. पण खोलीतलं काहीतरी बदललं हे त्याला कळलं. त्याने हात पुढे केला, चाचपत डब्यावर ठेवला आणि तसाच राहिला. तळहाताखाली आवाजाची थरथर त्याला लागत होती.

"आयोना, हे बोलतंय का?"

"हो." मी त्याच्या कानाशी वाकले होते.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

त्याने हात काढला नाही. भिंतीशी उभ्या माणसांपैकी एकाने टोपी काढली आणि उगाच जमिनीकडे पाहत राहिला.

मी फाइल उघडली. चूक शोधायला लागलीच नाही. 'किक'नंतरच्या थांब्याचा स्थिरांक वरच होता. साठ हवं होतं, तिथे पन्नास होतं. ऑफिसच्या उबेत चिप पन्नासात उठायची. इथल्या गारठ्यात नाही.

"पन्नास लिहिलंयस, मर्डो."

"तूच पन्नास सांगितलंस."

"मी साठ लिहिलं होतं."

तो ओठांतल्या ओठांत ते दोन शब्द म्हणून पाहू लागला. सिक्स्टी. फिफ्टी. त्यातला स आणि फ काढून टाका, मग उरतं काय? तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि मी तिथेच उभ्या उभ्या पन्नासाचे साठ केले. पुढच्या खटक्याला कार्ड उठलं.

परतताना बालक्लथा गावाच्या पुढे त्याने मला गाडी बाजूला घ्यायला लावली. बाहेर मेंढ्या होत्या आणि पावसाची भुरभुर.

"डोळे गेले तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हणाले, हा आजार कधीकधी डोळ्यांवर थांबत नाही. कानही नेतो. मी म्हटलं, कधीकधी ना? मग ठीक आहे."

"हिनेवाईला माहीत आहे?"

"नाही."

"लग्नाआधीचं आहे हे?"

त्याने उत्तर दिलं नाही. ऐकू आलं नव्हतं की द्यायचं नव्हतं, ते मला कळलं नाही.

लिंडसेला मर्डोने दुसऱ्या दिवशी स्वतःच सगळं सांगितलं. लिंडसे तोंडाने फटकळ, पण मनाचा वाईट नव्हता. तो म्हणाला, "चूक कोणाच्याही हातून होते. आयोना तुझं काम एकदा नजरेखालून घालेल, बस."

"नको," मर्डो म्हणाला. "ड्रायव्हर काढून घे माझ्याकडून. उद्या दुधाच्या जागी माणूस असेल."

लिंडसे उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. बंदरात कुठलंच जहाज नव्हतं, तरी तो बराच वेळ बघत होता.

पुढच्या महिन्यात एका रविवारी हिनेवाईचा फोन आला. "घरी ये. आत्ताच ये." मी गेले तर ती दोघं स्वयंपाकघरात टेबलाच्या दोन टोकांना बसलेली. मर्डोचे कान तपासणाऱ्या ख्राइस्टचर्चच्या डॉक्टरांचं पत्र मध्ये पडलेलं. हिनेवाईचे डोळे सुजले होते.

"तुझा आवाज त्याला ऐकू येतो," ती म्हणाली. "माझा नाही. बारीक आवाज आधी जातात म्हणे. मी ओरडले तरी त्याला नुसती शिट्टी वाजल्यासारखं होतं. तू विचार त्याला. लग्नाआधी माहीत होतं का?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण मी त्याच्या शेजारी बसले आणि माझ्या घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"विचार, मग सांगितलं का नाही?"

मी विचारलं.

तो माझ्याच दिशेने तोंड करून म्हणाला, "सांगितलं असतं तर तू माझ्याशी लग्न केलं असतंस का?"

"मला विचारतोयस ना? मग माझ्याकडे तोंड कर!" हिनेवाई किंचाळली. तो हलला नाही. मी उठले, त्याचे खांदे धरले आणि त्याला खुर्चीसकट तिच्याकडे वळवलं.

ती रडत होती. "केलं असतं. मूर्खा, केलं असतं मी."

"ती म्हणतेय, केलं असतं," मी सांगितलं.

"मूर्ख म्हणाली का?"

"म्हणाली."

"मग खरं असणार." त्याने टेबलावरून हात पुढे सरकवला. तिने तो लगेच घेतला नाही. आधी तिने मला विचारायला लावलं, की तिचा आवाज शेवटचा कधी ऐकलास.

तो म्हणाला, "इस्टरला तू चर्चमध्ये एकटी गायलीस ना? मला फक्त ऑर्गन ऐकू आला. ऑर्गन थांबला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या."

"सगळ्यांच्या आधी वाजवल्यास," हिनेवाई म्हणाली. "मला केवढा आनंद झाला होता." हे तिने मला सांगू दिलं नाही. मान हलवून नको म्हणाली आणि मग त्याचा हात धरला.

त्यानंतरचे महिने मी रोज दुपारी मर्डोजवळ बसून त्याला ड्रायव्हर वाचून दाखवत होते. तो काम सोडणार होता आणि सगळं माझ्या हाती द्यायचं होतं. प्रत्येक नाव का ठेवलं, कुठला डिबगचा पर्याय कशासाठी काढला, कुठल्या कारखान्यात काय झालं होतं म्हणून ही ओळ आली, हे तो सांगायचा. आम्ही 'गॉन'पाशी आलो तेव्हा म्हणाला, "हे परत 'स्ट्रे' कर."

"तुला ऐकू येणार नाही ते."

"मला आता काहीच ऐकू येणार नाही. फाइल ज्यांना वाचायची आहे त्यांच्यासाठी ठेव. 'गॉन' म्हणजे संपलं. पाकीट संपत नाही, भरकटतं. 'स्ट्रे'च बरोबर होतं."

अशी एकेक करून सगळी जुनी नावं आम्ही परत आणली. त्याला ऐकू न येणारी. मी टंकायचे आणि त्याला नुसतं सांगायचे, झालं. डिबगच्या बटणांतलं मात्र एकही कमी केलं नाही. लिंडसेनेही पुन्हा कधी काढ म्हटलं नाही.

फाइलीच्या शेवटाकडे आलो होतो. मी वाचत होते आणि मर्डो म्हणाला, "वाच की गं, थांबलीस का?"

मी थांबले नव्हते. मी त्याच्या कानाला ओठ लावून मोठ्याने वाचलं. तो हनुवटी वर करून वाट पाहत होता. मग त्याचा चेहरा बदलला. त्याने माझा गळा चाचपला, तिथे थरथर लागते का ते पाहिलं, आणि हात हळूच खाली घेतला. उरलेली दोन पानं मी त्याला कधीच वाचून दाखवली नाहीत.

ती दोघं डनीडनचं घर विकून अपारिमाला गेली, हिनेवाईच्या माणसांत, समुद्राकाठी. तळहातावर बोटाने अक्षरं लिहायची, हाच आता बोलण्याचा मार्ग होता. संस्थेच्या बाईने ब्रेल शिकवायचा खूप प्रयत्न केला. पण तरुणपणी इतकी वर्षं गोठलेल्या मांसात हात घालून त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. ठिपके त्याला लागायचे, अक्षरं लागायची नाहीत. एकदा त्याने ब्रेलचं पुस्तक चुलीत टाकलं. तळहातावर लिहितानाही तो मध्येच हात ओढून घ्यायचा. हिनेवाई चिवट होती. हात पुन्हा पकडायची आणि वाक्य पुरं करायची.

इकडे लिंडसे थकला. त्याने कंपनी विकली. घेणाऱ्यांना आमची गिऱ्हाइकं हवी होती, आमचं कार्ड नको होतं. त्यांनी ते बंद केलं. कार्डच नाही म्हटल्यावर ड्रायव्हर कोणाला हवा असणार? मला मेलबर्नला नोकरी मिळाली. जाण्याआधी मी अपारिमाला गेले.

मर्डो व्हरांड्यात घोंगडी पांघरून बसला होता. माझा हात हातात घेताच म्हणाला, "आयोना!" स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्याने, वेडावाकडा बोलायला लागला होता. मग विचारलं, "ड्रायव्हर कसा आहे?"

खोटं लिहावं असं मनात आलं. पण मी त्याच्या तळहातावर लिहिलं, कार्ड बंद झालं.

"बंद? सगळंच?"

हो, मी लिहिलं.

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळाने, त्याला वाटलं तो हळू बोलतोय, पण चांगला मोठ्याने म्हणाला, "डब्याचा आवाज अजून डोक्यात चालू असतो. पूर्वीसारखा, पूर्ण वेगाने. तुझा पण येतो. हिनेवाईचा नाही येत गं. किती आठवतो, पण नाही येत. तिला सांगू नकोस."

हिनेवाई दारात उभी होती. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. तिने तो आवाज न करता खाली ठेवला, जसं काही आवाज केल्याने फरक पडणार होता. मग त्याच्या तळहातावर लिहिलं, चहा. तो म्हणाला, "साखर दोन." तिने दोन चमचे घातले.

बसपर्यंत तिनेच मला सोडलं. बस दिसली तेव्हा ती म्हणाली, "मी रोज बोलते त्याच्याशी. स्वयंपाक करताना, अंघोळ घालताना. लोकांना वाटतं मला वेड लागलंय. पण गप्प राहून कुणाचा हात धरता येत नाही गं मला."

दोन हिवाळ्यांनंतर मर्डो न्यूमोनियाने गेला. मी मेलबर्नहून आले. हिनेवाईच्या माणसांनी त्याला त्यांच्या सभागृहात, त्यांच्या रीतीने ठेवलं होतं. पेटी उघडी, भोवती चटया, आणि घरच्या बायका त्याला एक क्षणही एकटं न सोडता बसलेल्या. येणारा प्रत्येक जण थेट मर्डोशीच बोलत होता, तो ऐकतोय असं धरून. एका म्हाताऱ्याने त्याला उधार नेलेल्या कुऱ्हाडीवरून शिव्या दिल्या आणि मग त्याच्या कपाळावर हात ठेवून रडला. लिंडसेही आला होता. त्याने चहातल्या मिठाची गोष्ट मर्डोलाच सांगितली आणि सगळे हसले.

हिनेवाई त्याच्या डोक्याशी बसून होती. तिच्या आवाजाला आता चिरा पडल्या होत्या, पण तो अजून तसाच उंच जायचा. ती त्याला सगळं सांगत होती, कोण आलं, कोण नाही आलं, कोणी काय आणलं, बाहेर वारा कुठून सुटलाय.

माझी पाळी आली. मी उभी राहिले. ड्रायव्हरबद्दल बोलेन असं ठरवलं होतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर ते राहूनच गेलं. मी नुसतं म्हटलं, "मर्डो, मी आयोना. आले मी." आणि खाली बसले. ते पुरेसं आहे, असं कोणीतरी मागून म्हणालं.

पुरून आल्यावर जेवणं झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागले. शेजारी हिनेवाईची बहीण पुसत होती. बाहेर अंगणात बाक उचलले जात होते, पोरं आरडाओरडा करत होती, आणि हिनेवाई कोणाला तरी तिच्या त्या बारीक आवाजात सांगत होती, की उरलेला पाव कुत्र्यांना घालू नका, उद्या पाहुणे आहेत.